फेडर हातातून निसटून पळतो, बटणं मुकी होतात: कंट्रोल सरफेसची नेहमीची दुखणी

मे महिन्यातली दुपार, पारा ४३ वर, आणि घरघर नको म्हणून कूलरही बंद. अभंगातला पखवाज जरा पुढे आला होता, म्हणून कंट्रोल सरफेसच्या तिसऱ्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खटक्यावर, बोट ठेवून तो खाली ओढला. आला खाली. आणि बोट तिथंच असताना थरथरत परत वर निघाला, बैलगाडीच्या बैलाला गोठा दिसल्यासारखा. मी दाबतोय, तो ढकलतोय. मागे बसलेले बुवा म्हणाले, "यंत्राला पखवाज आवडलेला दिसतोय, राहू द्या की."

हे दुखणं दर उन्हाळ्यात यायचं आणि पावसाळा लागला की आपोआप जायचं. कारण कळायला मला दोन उन्हाळे लागले. त्या भानगडीत बाकीचीही दुखणी ओळखीची झाली. आता गावातल्या छोट्या स्टुडिओवाल्यांचे फोन येतात. "काय बे, ते फेडर परत मेलं की!" एवढंच सांगून समोरचा गप्प बसतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

माझी मांडामांड साधी आहे. सोलापूरच्या पूर्व भागात घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली. गल्लीच्या पलीकडे पावरलूमचा कारखाना, त्यामुळे गायन रात्री माग बंद झाल्यावर आणि मिक्सिंग दिवसा. विंडोजचा लॅपटॉप, रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर रीपर, आणि आठ फेडरचा मोटरवाला कंट्रोल सरफेस, तोही सेकंडहँड. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं दिसेलच, बहुतेक वेळा चूक माझी नाहीतर माझ्या घराच्या वायरिंगची होती.

नवीन माणसासाठी एक गोष्ट आधी सांगतो. या यंत्रातून आवाज जात नाही. दिसतं मिक्सरसारखं, पण आत आवाजाची एकही तार नाही. "तिसऱ्या फेडरवर बोट पडलं", "फेडर इतका खाली आला", "प्लेचं बटण दाबलं", असे निरोप ते मिडी भाषेत सॉफ्टवेअरला पाठवतं. सॉफ्टवेअर उलट निरोप देतं: फेडर इथं ने, हा दिवा लाव, पडद्यावर ट्रॅकचं हे नाव लिही. मिडी १९८३ पासून चालत आलेली भाषा आहे, पण नवी पेठेत एका दुकानात मिडी केबल मागितली, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "एमआयडीसीत बघा, अक्कलकोट रोडला."

निरोप दोन्ही दिशांनी चालतात, एवढं डोक्यात राहिलं तरी अर्धं काम झालं. यंत्र बिघडलं म्हणून लोक थेट सॉफ्टवेअर काढून परत टाकतात. मीही टाकलंय, तीनदा. एकदाही उपयोग झाला नाही, उलट जमवलेले शॉर्टकट गेले. आधी कोणत्या दिशेचा निरोप अडलाय ते बघा.

आधी दोन मिनिटांची परीक्षा

सरफेसवरचं प्ले दाबा. गाणं सुरू होतं का? मग माउसने पडद्यावरचा पहिल्या ट्रॅकचा फेडर हलवा. सरफेसवरचा फेडर हलतो का?

प्ले चालतं पण फेडर हलत नाही, म्हणजे तुमचं बोलणं तिकडं पोचतंय, तिकडचं इकडं येत नाही. सेटिंगमध्ये आउटपुट पोर्ट रिकामा आहे किंवा भलताच निवडलाय. उलट असेल तर इनपुट पोर्ट बघा. रीपरमध्ये हे प्रेफरन्सेसमधल्या 'कंट्रोल, ओएससी, वेब' या पानावर असतं. तिथं ॲड करून 'मॅकी कंट्रोल युनिव्हर्सल' घ्यायचं आणि मिडी इनपुट, मिडी आउटपुट दोन्ही जागी आपल्या यंत्राचं नाव निवडायचं. घाईत इनपुट निवडून आउटपुट विसरणारे मी किमान चारजण पाहिलेत, त्यात एक मी.

दोन्ही चालत नसेल तर पुढचा भाग वाचा. दोन्ही चालतंय पण फेडर मनाचं करतोय, तर खाली 'फेडर भांडतो' तिथं जा. खरी मजा तिथंच आहे.

चहा पिऊन आलो तर सगळं मुकं

सगळ्यात जास्त फोन याचे. सकाळी नीट चालत होतं, अर्धा तास चहाला गेलो, आलो तर दिवे लागलेत पण एक बटण ऐकत नाही. केबल काढून लावली की चालू, दुपारी जेवून आलो की परत तेच.

हे बहुतेक वेळा विंडोजच्या काटकसरीमुळे होतं. यूएसबीवर थोडा वेळ हालचाल दिसली नाही की विंडोज त्या पोर्टला झोपवतं, आणि सगळीच यंत्रं हाकेसरशी उठत नाहीत. दोन ठिकाणी जायचं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडून यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड 'डिसेबल्ड' करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबवर डबल क्लिक करून पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करायला परवानगी देणारी खूण काढा. लॅपटॉप रीस्टार्ट करा. निम्म्या लोकांचं दुखणं इथंच संपतं.

बाकीच्यांची केबल बघायला सांगतो. टेबलामागून फिरवून आणायची म्हणून लोक मोबाइलच्या दुकानातून लांबच लांब एक्स्टेंशन आणतात. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढं भरवशाची नाही, आणि मध्ये दोन जोड असले तर त्याहून कमी. वीज न लावलेला हबही नको. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीॲम्पिअर देतो, आणि त्याच हबवर ऑडिओ इंटरफेस, पेनड्राइव्ह आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल असेल तर सरफेसच्या वाट्याला काय उरणार? मोटरवाल्या सरफेसला बहुधा स्वतःचा ॲडॉप्टर असतो, तरी केबल थेट लॅपटॉपला लावा.

त्यातही नेहमी एकाच पोर्टला. पोर्ट बदलला की विंडोज कधीकधी तेच यंत्र नवीन समजतं आणि त्याच्या नावाआधी '२-' लावून ठेवतं. रीपर जुन्या नावाची वाट बघत बसतं आणि तुम्ही केबलला शिव्या देत बसता. मी लॅपटॉपच्या पोर्टशेजारी नखपॉलिशचा ठिपका दिलाय. बायकोने विचारलं, सांगितलं, आता तिच्या शिलाई मशीनच्या प्लगवरही तसाच ठिपका आहे.

अजून एक चोर म्हणजे दुसरा प्रोग्रॅम. विंडोजच्या जुन्या मिडी पद्धतीत एक पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. सरफेसच्या कंपनीचा एडिटर मागे उघडा असेल, किंवा ब्राउझरमध्ये एखाद्या पानाला मिडीची परवानगी दिलेली असेल, तर पोर्ट त्याच्या ताब्यात आणि रीपर दाराबाहेर उभं. सगळं बंद करा, रीपर एकटं सुरू करा.

लाइट जाऊन आली की काय होतं तेही सांगतो. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, सरफेस मात्र मरून परत जिवंत होतो, सगळे फेडर तळाला, पडदा कोरा. रीपरला यातलं काहीच माहीत नाही. अशा वेळी फेडरला हात लावायचा नाही, नाहीतर तळाची जागा खरी समजून ट्रॅकचा आवाज बसेल. रीपरच्या ॲक्शन लिस्टमध्ये सगळे कंट्रोल सरफेस रिफ्रेश करणारी ॲक्शन आहे, तिला कीबोर्डवरची एक की देऊन ठेवा. दाबली की फेडर खडखडत आपापल्या जागी जातात. क्युबेस हे दुसरं सॉफ्टवेअर असेल तर स्टुडिओ सेटअपच्या त्या रिमोट डिव्हाइसच्या पानावर रीसेटचं बटण असतं. मी शेवटी सरफेसचा ॲडॉप्टरही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, कारण आमच्याकडे लाइट सांगून जात नाही.

भाषा एक, बोली दोन

सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येतं आणि सगळ्यांचं भागतं. सरफेस आणि सॉफ्टवेअर इतके समजूतदार नाहीत. मॅकी कंट्रोल आणि एचयूआय अशा दोन मुख्य बोली आहेत, आणि दोघांनी एकच बोलली पाहिजे. रीपर, क्युबेस, लॉजिक, स्टुडिओ वन यांच्याशी मॅकी कंट्रोल, प्रो टूल्सशी एचयूआय. बोली जुळली नाही की बटणं मुकी होतात किंवा भलतंच करतात.

बोली यंत्रातच निवडायची असते, आणि ती बदलायची युक्ती दर कंपनीची वेगळी. बेहरिंगरच्या एक्स-टचमध्ये पहिल्या चॅनलचं सिलेक्ट बटण दाबून धरून यंत्र सुरू करायचं. कोर्गच्या नॅनोकंट्रोल २ मध्ये सेट मार्कर आणि ट्रान्सपोर्टचं (प्ले, स्टॉप वगैरेंपैकी) एक बटण दाबून धरून यूएसबी जोडायची, कोणतं ते पुस्तिकेत बघून. सेकंडहँड घेतलेल्या यंत्राची बोली आधीच्या मालकाच्या सोयीची असते हे विसरू नका. माझा सरफेस आला तेव्हा एचयूआयमध्ये होता आणि मी आठवडाभर केबलवर संशय घेतला.

प्रो टूल्सवाल्यांसाठी एक खूण: एचयूआयमध्ये सॉफ्टवेअर साधारण दर सेकंदाला यंत्राला हाक मारतं, 'आहेस का?', आणि यंत्राने 'आहे' म्हणायचं असतं. उत्तर आलं नाही की यंत्र गेलं असं ते धरून चालतं. सुरुवातीला चालतंय आणि थोड्या वेळात सुटतंय असं असेल तर उत्तराच्या वाटेवर, म्हणजे यंत्राकडून येणाऱ्या पोर्टवर लक्ष द्या.

बटण दाबलं की झांज वाजते

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस इथं प्रत्येक मंडळाला नवीन गाणं हवं असतं. अशाच एका गाण्यात ढोलाच्या सॅम्पलरचा (मिडीच्या सुरावर साठवलेले आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचा) ट्रॅक रेकॉर्डला लावून मी पुढचा ट्रॅक बघायला सरफेसवरचं चॅनलचं उजवं बटण दाबलं, आणि स्पीकरमधून खण्णकन झांज वाजली. परत दाबलं, परत झांज. मंडळाच्या अध्यक्षांना ती आवडली, "राहू द्या, भारी आलीय" म्हणाले. मला मात्र घाम.

भूत-बित काही नाही. मॅकी बोलीत प्रत्येक बटण हा मिडीचा एक सूर असतो. चॅनलचं उजवं बटण म्हणजे सूर क्रमांक ४९, आणि ड्रमच्या सर्वमान्य मांडणीत ४९ ला क्रॅश झांज बसवलेली असते. बँकचं (आठ-आठ ट्रॅक सरकवणारं) डावं बटण ४६, म्हणजे उघडी हाय-हॅट. माझा ट्रॅक 'सगळी मिडी इनपुट' ऐकत होता, त्यात सरफेसही आला. बटणाने त्याचं कामही केलं आणि वर झांजही वाजवली. फेडरला नुसतं बोट लावलं तरी सूर जातो, १०४ पासून पुढचा, फार वरच्या पट्टीतला. की-बोर्ड पॅडच्या ट्रॅकवर तो बारीक किंचाळल्यासारखा येतो आणि मिक्सिंग करताना सापडत नाही.

सरफेसचा पोर्ट फक्त कंट्रोल सरफेसच्या पानावर निवडलेला ठेवायचा, एवढाच इलाज. रीपरच्या मिडी यंत्रांच्या यादीत त्याचं इनपुट बंद ठेवा. क्युबेसमध्ये स्टुडिओ सेटअपच्या मिडी पोर्ट सेटअपमध्ये 'इन ऑल मिडी इनपुट्स' या रकान्यातली त्याची खूण काढा. एबलटन लाइव्हमध्ये त्या पोर्टचा 'ट्रॅक' बंद ठेवा. अध्यक्षांची झांज मात्र गाण्यात राहिली. पैसे त्यांचे.

किरकोळ

तिसरा फेडर हलवला आणि चौथा ट्रॅक हलला, तर बँकऐवजी चॅनलचं बटण दाबून तुम्ही एक घर सरकलाय. डावीकडं अगदी शेवटपर्यंत या. जुन्या पाच पिनांच्या केबलवर पडदा आणि मीटर रेंगाळतात ते बरोबरच आहे, त्या तारेवर सेकंदाला ३१,२५० बिटच जातात, म्हणजे तीन बाइटच्या एका निरोपाला जवळपास एक मिलीसेकंद. आठ फेडर, आठ मीटर आणि पडदा तेवढ्यात कोंबल्यावर गर्दी होणारच, यूएसबी लावा. गोल बटण फिरवल्यावर आकडा एकदम उडी मारत असेल, तर बटण 'इतकं फिरलं' सांगतंय आणि सॉफ्टवेअर 'या जागी आहे' असं समजतंय. लर्न करताना, म्हणजे बटण कशाला जोडायचं ते सॉफ्टवेअरला शिकवताना, रिलेटिव्ह प्रकार निवडा, रीपरमध्ये त्याचे तीन प्रकार आहेत, उलटं फिरत असेल तर दुसरा घ्या. आणि बिनमोटरच्या फेडरला सॉफ्टवेअरची जागा कळत नाही, त्यामुळे पहिल्या स्पर्शाला आवाज उडतो. तो बिघाड नाही, पिकअपची सोय (फेडर सॉफ्टवेअरच्या जागेवर पोचेपर्यंत आवाज न हलवणारी) असेल तर चालू करा.

फेडर भांडतो

आता माझं उन्हाळ्याचं दुखणं. पण त्याआधी खोटा बिघाड वगळा. ट्रॅकवर आधीच आवाजाची रेघ, म्हणजे ऑटोमेशन, काढलेलं असेल आणि मोड 'रीड' असेल, तर फेडर त्या रेघेमागेच जाणार. 'टच'मध्ये बोट आहे तोवर तुमचं ऐकेल, बोट काढलं की रेघेवर परत. 'लॅच'मध्ये गाणं थांबवेपर्यंत सोडलेल्या जागी राहील. 'राइट'ला तर हातच लावू नका, प्ले दाबल्याबरोबर जुनं पुसत जातं. माझ्या अंदाजाने निम्म्या 'फेडर पळतो'च्या तक्रारी इथंच मिटतात.

माझी मिटली नाही. मोड 'टच', बोट फेडरवर, तरी मोटर ढकलतेय.

मोटरवाल्या फेडरची टोपी साधी प्लास्टिकची नसते, तिच्यावर वीज वाहणारा पातळ थर असतो. बोट लागलं की आतल्या सर्किटला कपॅसिटन्समधला, म्हणजे वीज साठवायच्या क्षमतेतला, फरक जाणवतो आणि ते सॉफ्टवेअरला सांगतं: हात पडलाय. मोटर सैल पडते, सॉफ्टवेअर जुनी जागा पाठवायचं थांबवतं. स्पर्शाचा हा निरोप पोचला नाही, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तुमचा हात तिथं नाहीच, फेडर उगाच हललाय, आणि ते त्याला जागेवर आणायला बघतं. भांडण म्हणतो ते हेच.

हे डोळ्यांनी बघता येतं. रीपर बंद करा आणि मिडीचे निरोप दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर. फेडर न हलवता त्यावर नुसतं बोट ठेवा. पहिल्या फेडरला सूर १०४, ताकद १२७ अशी एक ओळ यायला हवी. बोट काढलं की तोच सूर, ताकद ०. दुसऱ्याला १०५, असं पुढं, मास्टरला ११२. मिडी-ऑक्स आकडे दहाऐवजी सोळावर आधारलेल्या (हेक्स) पद्धतीत दाखवतं, तिथं १०४ च्या जागी ६८ दिसेल. फेडर हलवला की पिचबेंड नावाच्या निरोपाच्या ओळी येतात, फेडरची जागा त्यातूनच जाते, पहिल्या फेडरच्या चॅनल १ वर, दुसऱ्याच्या २ वर.

मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. १०६ सुराला १२७, ०, १२७, ०, १२७, ० अशा ओळींचा पाऊस. बोट गच्च ठेवलेलं, आणि यंत्राला वाटतंय मी टकटक करतोय. केबल, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर, सगळे त्या क्षणी निर्दोष सुटले. स्पर्शच ओळखला जात नव्हता.

त्या दिवशी चप्पल पायात होती. उठलो, पाणी प्यायला गेलो, फरशी थोडी ओली होती म्हणून चप्पल दाराशी काढली आणि अनवाणी येऊन शहाबादी फरशीवर पाय टेकून बसलो. बोट ठेवलं. १०६, १२७, एकच ओळ, शांत. चप्पल घातली, परत पाऊस. पाचसहा वेळा करून बघितलं. आईने दारातून बघितलं आणि न विचारता गेली.

म्हणजे मुद्दा जमिनीचा होता. लॅपटॉपच्या पत्र्यावर हाताची मागची बाजू हलकेच फिरवली तर मुंग्या आल्यासारखं व्हायचं, ते आधीपासून होतं, मी दुर्लक्ष केलं होतं. चार्जर-ॲडॉप्टरमधल्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्याकडं झिरपते. अर्थिंग चांगलं असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर सगळी मांडणी हवेत तरंगते आणि २३० व्होल्टच्या तारेबरोबर हिंदकळत राहते. बोटाचा जो बारीक फरक मोजायचा, तो या हिंदकळण्यात बुडतो. अनवाणी पाय ओल्या फरशीवर टेकले की सर्किटला थोडा आधार मिळायचा, एवढंच.

तुम्हाला तपासायचं असेल तर चप्पल काढायचीही गरज नाही. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. फेडर शांत झाला तर चार्जर किंवा अर्थिंग. नाही झाला तर सरफेसचा स्वतःचा ॲडॉप्टर दुसऱ्या, खात्रीच्या बोर्डवर लावून बघा. माझ्याकडं चार्जर काढल्यावर भांडण अर्ध्यावर आलं. मग टेबलाखाली वाकलो. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये, अर्थच्या मधल्या पिनेला कुणीच नाही. लावणारा मीच. ते एक्स्टेंशन त्याच दिवशी भंगारात.

तरी थोडं राहिलं, म्हणून वायरमनला बोलावलं. हे काम स्वतः करू नका, चालू बोर्डमध्ये मीटरच्या सळ्या घालणं हा स्टुडिओचा धंदा नाही. त्याने मोजलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, ठीक. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट असायला हवेत, तिथं ३८. "खड्ड्याला पाणी कधी घातलंय?" त्याने विचारलं. कोणता खड्डा, मी विचारलं.

घरामागे, पाण्याच्या टाकीशेजारी, मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा होता, वर फुटकी फरशी झाकलेली. आमची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, ओल गेली की ती वीज नीट घेत नाही. पावसाळ्यात माती भिजली की माझा फेडर बरा व्हायचा, तो यामुळे. वायरमनने पाइपाची गंजलेली क्लॅम्प बदलली, तार घासून बांधली, चार बादल्या पाणी ओतायला लावलं आणि थोड्या वेळाने परत मोजलं. ३ व्होल्ट. वर गेलो, चप्पल घालून बसलो, तिसऱ्या फेडरवर बोट ठेवलं. एक ओळ.

एक सांगायचं राहिलं. स्पीकरमध्ये हम (विजेची घूंघूं) येतो म्हणून काहीजण प्लगची अर्थची पिन तोडतात. हम जातो, खरं आहे. पण आत काही बिघडलं तर ती वीज तुमच्या हातातून जाणार, आणि माइकला ओठ टेकवून गाणारा माणूस समोर उभा असतो. हमचा इलाज बॅलन्स्ड केबल (बाहेरचा गोंगाट कापणारी) आणि सगळं एकाच बोर्डवर, एवढाच करा.

टोप्या आणि तूस

जुळे सोलापुरातल्या एका मित्राचाही फेडर असाच भांडायचा, पण पावसाळ्यातही. घरी जाऊन बघितलं तर सरफेसवर लाल, हिरव्या, पिवळ्या सुंदर टोप्या. ऑनलाइन मागवलेल्या, साध्या प्लास्टिकच्या. त्यात वीज वाहणारा थरच नाही, तर स्पर्श कळणार कसा? जुन्या टोप्या कपाटातून काढून बसवल्या, पाच मिनिटांत काम झालं. रंग हवाच असेल तर टोपीच्या बाजूला छोटं स्टिकर लावा, बोट पडतं ती जागा मोकळी सोडा. टोप्या थिनरनेही पुसू नका, थर निघतो.

दुसरी गोष्ट खास आमच्या गावची. मागांतून कापसाची जी बारीक तूस उडते ती खिडकी लावली तरी येते, आणि फेडरच्या फटीत उतरून आतल्या रुळावर बसते. मग फेडर चालता चालता एका जागी अडखळतो, किंवा मोटर त्याला नेमक्या जागेवर नेऊ शकत नाही आणि तिथंच घुर्र घुर्र करत राहते. हे स्पर्शाच्या भांडणापेक्षा वेगळं ओळखायचं: बोट न लावताही होतं, आणि दर वेळी त्याच जागी होतं.

मऊ ब्रशने फट झाडा, व्हॅक्युम क्लीनर हलका ठेवून ओढून घ्या. फुंकणीने फुंकलंत तर तूस अजून आत जाते. कुलूप-बिजागरीसाठीचा तेलाचा स्प्रे फेडरमध्ये अजिबात मारायचा नाही, दोन दिवस लोण्यासारखा चालतो आणि नंतर त्याच तेलात तूस चिकटून त्याचा लगदा होतो. काम संपल्यावर झाकायचं असेल तर चादर घाला, टॉवेल नको. आपल्याच गावचा असला तरी टॉवेल स्वतःच तूस सोडतो, आणि मी सहा महिने सरफेसवर तोच पांघरत होतो.

त्याची किंमत सहाव्या फेडरने मोजली. मधोमध एका जागी तो अजून अडतो, ब्रशने काही फरक पडला नाही. बदली फेडर मागवलाय, तो येईपर्यंत सहाव्या चॅनलवर टाळाचा ट्रॅक टाकतो. टाळ एकदा बसला की मी सहसा हलवत नाही.